अंगठा

पायसांदूत, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माझं औषधांचं दुकान. बत्तीस वर्षं झाली.
खोकल्याचं सिरप, बाळांची पावडर, रक्तदाबाच्या गोळ्या,
आणि अलीकडे खालच्या खणात, कुलपात,
पाच-पाच ग्रॅम गांजाची सरकारी पाकिटं.
पाकिटावर बारीक अक्षरात: गाडी चालवू नये,
गरोदरपणी नको, मुलांपासून दूर ठेवा.
कोपऱ्यावरच्या पोरानं असलं काही कधी सांगितलं नव्हतं.
तो एवढंच म्हणायचा, चल, लवकर.

पहिल्या दिवशी पहिला आला वॉशिंग्टन बेंतोस,
ट्रक दुरुस्त करणारा, सत्तरीला टेकलेला.
(आमच्या उरुग्वेत अशी नावं ठेवतात.
त्याचा भाऊ नेल्सन, कुत्रा लिंकन.)
पोस्टात रीतसर नाव नोंदवून आलेला,
टोपी काढून उभा राहिला, प्रार्थनेला राहतात तसा.
काचेवर अंगठा टेकवला.
रेषांत ग्रीस इतकं मुरलेलं
की यंत्राला ओळखच पटेना.
तीनदा पुसला. चौथ्यांदा हिरवा दिवा.
मग त्यानं कापडी पिशवी उघडली,
तळाशी पाकीट, वर दोन कांदे.
म्हटलं, बेंतोस, ताकाला जाऊन
आता भांडं कशाला लपवता?
हसला.
पण कांदे काही काढले नाहीत.

महिनाभरात बँकेचं पत्र:
आपलं खातं बंद करत आहोत.
डॉलर जिथून येतात तिथल्या कायद्यात
आपला माल बसत नाही. क्षमस्व.
थोडक्यात, वॉशिंग्टनला मान्य नाही.
मी ते काउंटरवर मोठ्यानं वाचलं.
बेंतोस म्हणाला, "माझी तर काहीच हरकत नाही."

तेव्हापासून रोख.
कायद्याचा पैसा मी चोराच्या पैशासारखा
बिस्किटांच्या डब्यात घरी नेते.

एदिलियो माझा धाकटा भाऊ.
कोंबड्यांच्या खुराड्यामागे, टोमॅटोच्या ओळीत
त्यानं तीन रोपं लावली होती.
जुना कायदा मोठा गमतीचा:
ओढलंस तर ओढ,
पण लावायचं नाही, आणि आणलंस कुठून
ते आम्हाला कळू द्यायचं नाही.
शेजारणीनं फोन केला.
ठाण्यात त्याचा अंगठा शाईत बुडवून
कागदावर डावीकडून उजवीकडे फिरवला,
पोळी लाटावी तितक्या सवयीनं.
वीस महिने.
आत गेला तेव्हा गांजा ओढायचा.
बाहेर आला तेव्हा ती पिवळट पेस्ट,
जी माणसाला दातांपासून खायला लागते.
तुरुंगात तीच स्वस्त होती.

आता बरा आहे. बरा म्हणजे,
गुरुवारी येतो.
समोरच्या बाकावर माते पीत रांग बघत बसतो:
रात्रपाळीची नर्स, भूगोलाचे मास्तर,
त्या शेजारणीचा जावई.
जावई त्याला हात करतो. हाही करतो.

एकदा म्हटलं, तूही नाव घाल. दहा मिनिटांचं काम.
कुणी पकडत नाही, माल तपासलेला असतो,
कुणाच्या घराबाहेर अंधारात थांबायला नको.
माते संपेपर्यंत तो गप्प होता.
मग नळीचा रिकामा आवाज काढून म्हणाला,
"सरकारला एकदा दिलाय अंगठा.
किती वेळा द्यायचा?"
आणि उठून कोपऱ्याकडे गेला.
तिथं पोरगा अजून असतो.
जोडे पूर्वीसारखे नवे नसतात त्याचे,
पण असतो.

रात्री शटर अर्धं ओढून
स्पिरिटच्या बोळ्यानं मी काच पुसते.
दिवसभराचे अंगठे एकावर एक चढून
नुसतं धुकं झालेलं.
काल पुसून झाल्यावर, उगीच,
माझा टेकवून पाहिला.
यंत्र म्हणालं, नोंद सापडली नाही.
बरं वाटलं.
मग दिवा मालवताना
तितकंसं नाही वाटलं.